टीएसएच तळाला टेकतो तेव्हा: हायपरथायरॉइड समजून घेताना

लॅबच्या रिपोर्टवर टीएसएचच्या आकड्याशेजारी खाली तोंड केलेला बाण दिसतो आणि घरात लगेच निष्कर्ष निघतो: थायरॉइड कमी झालाय. शेजारच्या काकूंना ‘थायरॉइडची गोळी’ चालू असते, तिचं नाव विचारून घेतलं जातं. गडबड इथेच सुरू होते. बाण खाली असला तरी थायरॉइड वाढलेला आहे, आणि काकूंची गोळी या माणसाच्या बाबतीत आगीत तेल ओतण्यासारखी आहे.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, टीएसएच तिचा. तो गळ्यातल्या थायरॉइडला सांगतो, हार्मोन बनव. रक्तात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी ओरडायला लागते आणि टीएसएच चढतो, हा हायपो. हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं की पिट्युटरी गप्प बसते आणि टीएसएच उतरतो, हा हायपर. मोठ्यांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ असावा, लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. खऱ्या हायपरमध्ये तो ०.१ च्या खाली जातो, अनेकदा ०.०१ च्याही खाली. क्वचित पिट्युटरीच बिघडलेली असते तेव्हा हे गणित चुकतं, पण ते फारच थोड्यांच्या बाबतीत.

थायरॉइड ग्रंथी कंठमण्याच्या खाली असते, श्वासनळीला पुढून बिलगलेली, फुलपाखराच्या आकाराची, १५ ते २५ ग्रॅम वजनाची. ती रोज साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी४ आणि थोडंसं टी३ सोडते. नावातले चार आणि तीन म्हणजे रेणूला चिकटलेले आयोडीनचे अणू. टी४ हा राखीव माल. यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयव त्यातला एक अणू काढून टी३ बनवतात, आणि प्रत्यक्ष काम टी३ करतं. पेशीच्या केंद्रकात जाऊन ते पेशीला जास्त जाळ, जास्त उष्णता काढ, जास्त वेगाने चाल, असं सांगतं. हार्मोन वाढलं की एकाच वेळी हृदय, आतडी, स्नायू, हाडं, मन अशा सगळ्या ठिकाणी गडबड दिसते ती यामुळे.

या ग्रंथीची आणखी एक खासियत लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे. बाकीच्या बहुतेक हार्मोन-ग्रंथी लागेल तसं बनवतात. थायरॉइड मात्र तयार माल साठवून ठेवते, दोन-तीन महिने पुरेल एवढा.

कारखाना सुसाट की गोदामाला गळती

हायपरचं निदान झालं की ‘गोळी कुठली’ हे विचारण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ग्रंथी खरोखर जास्त हार्मोन बनवते आहे, की साठवलेलं हार्मोन नुसतं गळतं आहे? दोन्हींत रिपोर्ट अगदी सारखा दिसतो. टीएसएच खाली, टी३ आणि टी४ वर. उपचार मात्र पूर्ण वेगळे.

कारखाना सुसाट सुटण्याचं सर्वांत सामान्य कारण ग्रेव्ह्ज आजार. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. जर्मनीत मर्सेबर्ग गावच्या कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि धडधड हे त्रिकूट मांडलं, म्हणून तिकडे अजूनही हा ‘बासेडोचा आजार’ आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती चुकीची अँटीबॉडी बनवते. थायरॉइडच्या पेशींवर टीएसएचसाठी जे कुलूप असतं त्यात ही खोटी किल्ली नेमकी बसते आणि फिरलेलीच राहते. पिट्युटरीने ऑर्डर थांबवली तरी कारखान्याला पत्ता नसतो. बायकांमध्ये हा पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त दिसतो, आणि बहुधा ऐन कर्त्या वयात.

दुसरं कारण गाठी. वर्षानुवर्षं असलेल्या गलगंडातल्या एखाद-दोन गाठी पिट्युटरीला न जुमानता स्वतंत्र कारभार सुरू करतात. हे सहसा उतारवयात आणि हळूहळू घडतं. डोळे बाहेर येत नाहीत, अँटीबॉडी नसते आणि आजार आपोआप बरा होत नाही.

गळतीचं प्रकरण निराळं. विषाणूचा ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी गळा दुखू लागतो. नुसतं गिळतानाच नव्हे, बाहेरून हात लावला तरी दुखतं, कळ जबड्यात आणि कानात जाते, कॉलरही सहन होत नाही. ईएसआर, म्हणजे शरीरात कुठेतरी सूज असल्याचं दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, खूप वाढलेला असतो. ही थायरॉइडला आलेली सूज, थायरॉइडायटिस. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात अशीच सूज अजिबात न दुखता येऊ शकते, आणि बाईची धडधड, चिडचिड, झोप उडणं हे सगळं ‘बाळाची जागरणं’ या नावाखाली खपून जातं. सुजेमुळे साठ्याच्या पिशव्या फुटतात आणि हार्मोन रक्तात सांडतं. साठा संपला की गळती आपोआप थांबते. मग काही महिने उलट हायपो होऊ शकतो आणि बहुतेकांची ग्रंथी पूर्ववत होते.

इथे कार्बिमॅझोल, म्हणजे दुकानात नियो-मर्काझोल नावाने मिळणारी गोळी, देऊन काहीच साधत नाही. ती नवं उत्पादन बंद करते. उत्पादन आधीच बंद असलेल्या कारखान्याला टाळं ठोकून गळती थांबत नाही. फायदा शून्य आणि दुष्परिणामांची शक्यता तेवढी पदरात. गळतीत लागतं ते धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध, दुखण्यासाठी वेदनाशामक, फार दुखत असेल तर थोडे दिवस स्टेरॉइड. कारण न शोधता केवळ टीएसएच पाहून कार्बिमॅझोल सुरू करणं ही या आजारात सर्रास होणारी चूक आहे.

आणखी दोन वाटा उरतात. एक म्हणजे बाहेरून आलेलं हार्मोन: हायपोची गोळी गरजेपेक्षा जास्त घेतली जाणं, किंवा वजन घटवण्याची ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकली जाणारी पावडर. अशा उत्पादनांमध्ये थायरॉइड हार्मोन मिसळलेलं सापडलेलं आहे. दुसरी वाट आयोडीनचा भडिमार. हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात त्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे एका गोळीत गरजेच्या पाचशेपट. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टमध्येही भरपूर आयोडीन असतं.

मिठाचा विषय इथेच संपवू. भारतात २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला बंदी आहे, आणि ग्राहकाच्या हाती येताना मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा दंडक आहे. १५ पीपीएम म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम. दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळतं, नेमकी रोजची गरज. एवढ्याने ग्रेव्ह्ज आजार होत नाही, आणि मीठ बदलल्याने तो जातही नाही. हायपर एकाला झाला म्हणून घरभर सैंधव आणलं तर नुकसान घरातल्या मुलांचं आणि गरोदर सुनेचं. टाळायचं ते समुद्रशेवाळाच्या गोळ्या आणि ‘थायरॉइड सपोर्ट’ नावाची पूरकं. कोबी-फ्लॉवरवर जो बहिष्कार टाकला जातो त्याला तर हायपरमध्ये काही अर्थच नाही.

शरीरात काय काय होतं

भूक वाढते आणि वजन उतरतं, हे लक्षण सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र काहींची भूक इतकी वाढते की वजन वाढतं, तेव्हा ‘वजन वाढलंय म्हणजे हायपर नाही’ असं समजू नये. बाकीचे शाल ओढून बसलेले असताना एकाला पंखा पाचवर हवा असतो. तळहात गरम आणि ओलसर. शौचाला दिवसातून तीन-चार वेळा जावं लागतं, पण ते जुलाबासारखं पातळ नसतं. पाळीत अंगावरून कमी जातं, कधी पाळी लांबते. केस हातात येतात. डोक्यात विचारांची शर्यत, डोळ्यांत झोप नाही, बारीकसारीक गोष्टीवरून रडू किंवा राग. यातल्या कित्येकांच्या हातात आधी ‘टेन्शनची’ गोळी पडते आणि टीएसएच काही महिन्यांनी कोणीतरी सुचवतं.

हाताचा कंप पाहायची सोपी रीत आहे. दोन्ही हात समोर ताठ धरा, पंजे पालथे, बोटं फाकलेली. बोटांवर एक कोरा कागद ठेवा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर कागदाच्या कडेला स्पष्ट दिसते. मात्र जास्त चहा-कॉफीने किंवा दम्याच्या पंपानेही कंप येतो, तेव्हा ही खूण आहे, निदान नव्हे.

स्नायूंची कमजोरी लोक सांगतच नाहीत, कारण ती थकव्यात जमा होते. मांड्या आणि खांदे यांचे मोठे स्नायू झिजतात. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसल्यावर उठताना नळाला धरावं लागतं. जमिनीवरून जेवून उठताना हात टेकावा लागतो. वेणी घालताना हात भरून येतात, माळ्यावरचा डबा खाली काढवत नाही. पस्तिशीतल्या माणसाला असं होत असेल तर गुडघ्याचा एक्सरे काढण्याआधी टीएसएच बघावा.

याच स्नायूंचा एक नाट्यमय प्रकार आशियाई वंशाच्या तरुण पुरुषांमध्ये होतो. लग्नाचं भरपेट जेवण, भात, गोडधोड. किंवा दिवसभराचे कष्ट आणि मग गाढ झोप. पहाटे जाग येते तेव्हा पाय हलत नाहीत. शुद्ध पूर्ण असते, बोलता येतं, पण मांड्या लाकडासारख्या. वाढलेल्या थायरॉइड हार्मोनमुळे रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं आणि रक्तात ते धोकादायक पातळीला उतरतं. घरच्यांना लकवा वाटतो. हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो, त्यामुळे ताबडतोब इस्पितळ गाठायचं आणि पोटॅशियमबरोबर टीएसएचही करायला सांगायचं. हायपर बरा झाला की हे झटके येत नाहीत.

हृदयाबाबत जरा सविस्तर. बसल्या जागी नाडी ९०-१०० च्या वर राहते आणि, जे घबराटीत होत नाही, झोपेतही फारशी उतरत नाही. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, चहाच्या आधी, मनगटावर नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, पूर्ण साठ सेकंद मोजा. आकड्याइतकंच महत्त्व तालाला आहे. ठोके ठरावीक अंतराने येत आहेत की कधी दोन पटकन, मग मध्येच खंड, असे विस्कळीत? विस्कळीत असतील तर त्याच दिवशी ईसीजी. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते फडफडतात, आत रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. साठीनंतर हा धोका मोठा. रक्तदाबात वरचा आकडा वाढतो, खालचा उतरतो, १५०/६० असा.

वयस्कर माणसात तर चित्रच उलटं दिसू शकतं. कंप नाही, घाम नाही, बडबड नाही. आजोबा गप्प होतात, जेवण तुटतं, वजन झरझर उतरतं, चालताना धाप लागते. घरात सगळ्यांना कॅन्सरची शंका येते, पोटाचे स्कॅन होतात, आणि शेवटी कळतं की टीएसएच ०.०१ आहे.

हाडांची झीज निमूट होते. हाड सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. हार्मोन जास्त असलं की मोडणं बांधण्याच्या पुढे निघून जातं. पाळी गेलेल्या बाईला हायपर वर्षभर तसाच राहिला तर त्याची किंमत मनगटाचं किंवा खुब्याचं हाड मोजतं. मधुमेह असेल तर साखर विनाकारण वर जाते. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचा परिणाम वाढतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं हे सांगणारा आकडा, लवकर तपासावा लागतो. कोलेस्टेरॉल उतरतं, आणि त्याचा आनंद मानू नये.

डोळे टवकारल्यासारखे दिसणं कोणत्याही हायपरमध्ये होतं, पण बुबुळं खरोखर बाहेर येणं हे ग्रेव्ह्जचं. डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी सुजते. सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं आणि जास्त बिघडतं. या आजारात रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सिगारेट सोडणं. एकाची दोन दिसणं, रंग फिके वाटणं, झोपेत पापण्या पूर्ण न मिटणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

रिपोर्ट वाचताना

समजा रिपोर्ट असा आहे: टीएसएच ०.००८, फ्री टी४ (रक्तातल्या प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं टी४) ३.४ आणि त्यापुढे संदर्भ-मर्यादा ०.८ ते १.८, फ्री टी३ सुद्धा वर. हा स्पष्ट हायपर. टीएसएच खाली, फ्री टी४ मर्यादेत, पण फ्री टी३ वर असेल तर तोही हायपरच. त्यामुळे नुसतं टी४ बघून सोडून देऊ नये. टीएसएच खाली आणि बाकी दोन्ही मर्यादेत असतील तर सहसा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. टीएसएच ०.१ च्या खालीच टिकून राहिला आणि वय ६५ च्या पुढे असेल, किंवा हृदयाचा अथवा हाडांचा त्रास असेल, तर उपचाराचा विचार होतो.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये बहुधा ‘टोटल’ टी३-टी४ असतं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे टोटल आकडा वर दिसतो आणि आजार काहीच नसतो. अशा वेळी ‘फ्री’ तपासणी करावी.

सर्वांत हसू यावं अशी फसगत बायोटिनची. केस गळतात म्हणून मेडिकलमधून केसांच्या गोळ्या आणल्या जातात. त्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. अनेक लॅबच्या यंत्रांमध्ये तपासणीची रसायनंच बायोटिनवर बेतलेली असतात, आणि रक्तातलं जादा बायोटिन त्यांना गोंधळात टाकतं: टीएसएच खोटा खाली, फ्री टी४ खोटं वर. काही पद्धतींत तर ग्रेव्ह्जची अँटीबॉडीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणजे ठणठणीत माणसाचा अगदी पुस्तकी हायपर तयार होतो. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस या गोळ्या बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

हायपर पक्का झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ: कारखाना की गळती? रक्तात टीआरएबी ही अँटीबॉडी, म्हणजे तीच खोटी किल्ली, सापडली तर ग्रेव्ह्ज. नाही सापडली, किंवा गाठी हाताला लागतात, तर थायरॉइड स्कॅन. हाताच्या शिरेतून टेक्निशियम या किरणोत्सारी पदार्थाचं इंजेक्शन देतात आणि वीसेक मिनिटांनी गॅमा कॅमेऱ्याखाली गळ्याचं चित्र घेतात. ग्रेव्ह्जमध्ये अख्खं फुलपाखरू उजळतं. गाठ असेल तर तेवढीच पेटलेली आणि बाकीची ग्रंथी विझलेली. गळती असेल तर जवळपास काहीच दिसत नाही. गरोदर बाईला हा स्कॅन करत नाहीत. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झालेला असेल तर पुढचे दीड-दोन महिने थायरॉइडचं चित्र फसवं येतं, म्हणून दोन्ही करायचे असतील तर थायरॉइड स्कॅन आधी.

औषधाची गोळी, तिची गती आणि तिचा एक धोका

ग्रेव्ह्जमध्ये सुरुवात बहुधा कार्बिमॅझोलने होते. सौम्य असेल तर दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम, जोरात असेल तर ३०-४०. त्याआधी रक्तपेशींची मोजणी, म्हणजे सीबीसी, आणि लिव्हरची तपासणी करून ठेवावी. पुढे काही बिघडलं तर ते औषधामुळे की आधीपासून, हे ठरवायला हाच रिपोर्ट लागतो. सोबत प्रोप्रॅनोलॉल. ते हार्मोन कमी करत नाही, धडधड आणि कंप मात्र तासा-दिवसांत आवरतं. दमा असेल तर ते चालत नाही, आधी सांगायचं.

आठवडाभर गोळी घेऊनही काही फरक नाही, अशी तक्रार हमखास येते. इथे तो साठा आठवा. कारखाना बंद केला तरी गोदामात दोन-तीन महिन्यांपर्यंतचा माल आहे आणि रक्तातलं टी४ निम्म्यावर यायलाच सात दिवस लागतात. खरा उतार चार ते सहा आठवड्यांनी दिसतो. पहिली फेरतपासणीही तेव्हाच, आणि त्या वेळी बघायचं ते फ्री टी४ आणि टी३. टीएसएच नव्हे. कित्येक महिने गप्प राहिलेली पिट्युटरी लगेच बोलायला लागत नाही. हार्मोन उतरून गेलं तरी टीएसएच महिनोन्महिने ०.०१ वरच अडकून राहतो. त्याच्याकडे बघून डोस वाढवला तर माणूस थेट हायपोत जातो. हार्मोन उतरेल तसा डोस ५-१० मिलिग्रॅमपर्यंत आणतात आणि एकूण बारा ते अठरा महिने चालवतात. थांबवण्यापूर्वी टीआरएबी पुन्हा करतात. तो अजून वर असेल तर आजार उलटण्याची शक्यता जास्त. एरवीही साधारण निम्म्या लोकांना तो पुन्हा होतो, बहुतेकांना पहिल्या वर्षातच.

आता धोका. हजारात दोन ते पाच जणांमध्ये कार्बिमॅझोलमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा होतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. महिन्या-महिन्याला रक्त तपासून ते आधी पकडता येतंच असं नाही, कारण ते अचानक होतं. पकडतं ते लक्षण: ताप, घसा दुखणं, तोंडात फोड. गोळी चालू असताना यातलं काही झालं तर गोळी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी करायची आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू करायची नाही. ‘दोन दिवस बघू, हवाच बदललीये’ हे इथे चालत नाही. हे वाक्य गोळ्यांच्या बाटलीवर चिकटवून ठेवावं, घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते माहीत हवं. डोळे पिवळे होणं, गडद लघवी, अंगभर खाज यांसाठीही तोच नियम.

आजार आटोक्यात आला की वजन परत येतं. शरीराचं जळण कमी होतं, पण चार जास्तीच्या पोळ्यांची सवय तशीच राहते. नाडी ताळ्यावर यायला लागली त्याच आठवड्यात ताटातला भात-पोळी मोजायला लागावं. वजन वाढतंय म्हणून गोळी मनाने बंद करणारे कमी नाहीत, आणि तिथून पुढची वाट वाईट आहे. औषध अचानक तोडलेल्या, पुरते उपचार न झालेल्या माणसाला न्यूमोनिया झाला, ऑपरेशन झालं किंवा बाळंतपण आलं की ‘थायरॉइड स्टॉर्म’ उसळू शकतं: १०३-१०४ ताप, नाडी १४० च्या पुढे, उलट्या, जुलाब, बरळणं, ग्लानी. हे आयसीयूचं काम आहे. उपचार होऊनही यात माणसं दगावतात.

गरोदरपण हवं असेल तर डॉक्टरांना दिवस राहण्याआधी सांगावं. कार्बिमॅझोलमुळे पहिल्या तिमाहीत, विशेषतः सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, बाळाच्या डोक्याची त्वचा, नाकाची मागची वाट, पोटाची भिंत यांत दोष राहू शकतो. त्या काळात पीटीयू हे दुसरं औषध देतात. ते लिव्हरला जड असल्याने एरवी मागे ठेवलेलं असतं. मात्र गोळी स्वतःहून बंद करणंही तितकंच धोक्याचं. आणि पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी बेजार झालेल्या बाईचा टीएसएच कमी आला तर तो गरोदरपणाच्या एचसीजी हार्मोनचा परिणाम असू शकतो. तो सहसा चौदा ते अठरा आठवड्यांपर्यंत आपणहून निवळतो आणि त्याला कार्बिमॅझोल लागत नाही.

गोळीने भागलं नाही तर

गाठींचा हायपर गोळीने फक्त दबतो. बंद केली की परत येतो. तिथे आणि पुन्हा उलटलेल्या ग्रेव्ह्जमध्ये किरणोत्सारी आयोडीन किंवा ऑपरेशन हे खरे पर्याय.

किरणोत्सारी आयोडीन नाव ऐकून घाबरवतं. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये हायपरच्या रुग्णाला ते पहिल्यांदा दिलं, म्हणजे या उपचाराला आठ दशकं उलटून गेली. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६० च्या दशकापासून हे काम करतं आहे, आणि त्यासाठीचं आयोडीन-१३१ ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं. तत्त्व साधं आहे. शरीरात आयोडीन ओढून घेणारी ग्रंथी मुख्यतः थायरॉइडच. तिला किरणोत्सारी आयोडीन खाऊ घालायचं आणि ते आतून तिच्या पेशी मारतं. ग्रेव्ह्जमध्ये डोस साधारण १० ते १५ मिलीक्युरी, एक कॅप्सूल किंवा घोटभर द्रव. थायरॉइड कॅन्सरमध्ये याच्या कित्येक पट डोस देऊन वेगळ्या खोलीत ठेवतात. ते ऐकलेलं असतं म्हणून इथे भीती वाटते. हायपरचा माणूस सहसा त्याच दिवशी घरी जातो.

आधी एक-दोन आठवडे आयोडीनचं खाणं कमी करायला सांगतात, कार्बिमॅझोल काही दिवस बंद ठेवतात, गरोदर नसल्याची तपासणी करतात. घरी आल्यावर सांगितलेले दिवस एकट्याने झोपायचं, लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईपासून लांब राहायचं, पुरुषांनीही लघवीला बसून जायचं आणि फ्लश दोनदा करायचा. पुढचे किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला हा उपचार देत नाहीत. डोळ्यांचा ग्रेव्ह्ज जोरात असेल तर तो आणखी चिघळू शकतो, म्हणून तिथे बहुधा टाळतात.

गलगंड श्वासनळीवर दाब देत असेल, एखादी गाठ संशयास्पद असेल किंवा डोळे फारच बिघडले असतील तर ऑपरेशन बरं. आधी औषधांनी हार्मोन ताळ्यावर आणावं लागतं, नाहीतर टेबलावरच स्टॉर्मचा धोका. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी थायरॉइडला चिकटूनच असतात. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलंय, लगेच सांगायचं. वर्षाला किती थायरॉइड ऑपरेशनं करता, हे सर्जनला विचारण्यात संकोच नको.

दोन्ही वाटांनी बहुतेक जण शेवटी हायपोत पोचतात, आयोडीननंतर बहुधा दोन ते सहा महिन्यांत. तो उपचार फसला असं नाही. बहुतेक वेळा ठरवूनच केलेलं असतं, कारण हायपो सांभाळणं कितीतरी सोपं. त्या काळात दर चार-सहा आठवड्यांनी फ्री टी४ बघत राहायचं, कारण टीएसएच अजूनही मागेच रेंगाळलेला असतो. टी४ खाली गेलं की लेव्होथायरॉक्सिन सुरू होतं. काकूंची तीच गोळी, फक्त आता डोस स्वतःच्या रिपोर्टवरून ठरलेला. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एका तासाने, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तास सोडून. कार्बिमॅझोलची उरलेली बाटली औषधांच्या डब्यातून काढून टाकावी. दोन्ही गोळ्या बाटलीतच मिळतात, दोन्हींना घरात ‘थायरॉइडची गोळी’च म्हणतात.